लक्षण एक, आजार अनेक

कपाशीची पाने लाल पडू लागली की जाणता शेतकरी लगेच फवारणीचा पंप पाठीला लावत नाही. आधी तो पान उलटे करून पाहतो. तुडतुडे आहेत का? रानात पाणी साचले होते का? जमिनीत नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले का? की रात्रीची थंडी एकाएकी वाढली? या प्रत्येक कारणाने पान लालच होते, पण उपाय प्रत्येक वेळी वेगळा असतो. कारण न ओळखता फवारले तर औषधाचे पैसे जातात आणि पीकही हातचे जाते.

मनाच्या आजारांचेही असेच आहे. झोप न लागणे, चिडचिड होणे, कामात मन न लागणे, संशय येणे, एकटेच बडबडणे, छातीत धडधडणे ही लक्षणे आहेत. त्यांतले कोणतेही एक लक्षण पाहून आजाराचे नाव सांगता येत नाही. निद्रानाश नैराश्यात असतो, उन्मादात असतो, चिंतेत असतो, दारू सोडल्यावर असतो आणि थायरॉईड ग्रंथीच्या विकारातही असतो. घरातल्या माणसांना दिसते ते फक्त एवढेच की, 'हा रात्र रात्र झोपत नाही.' मग शेजारच्या एखाद्याला गुण आलेली गोळी मेडिकलमधून आणली जाते. कधी गंडादोरा होतो, कधी लग्न लावून देण्याचा सल्ला मिळतो. यात महिने आणि वर्षे निघून जातात.

बंगळूर येथील 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश, गुजरात आणि छत्तीसगड होते. प्रौढ माणसांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांविना होते. म्हणजे हा विषय चार-दोन घरांपुरता नाही. एकसारखी दिसणारी लक्षणे कोणकोणत्या आजारांत येतात आणि त्यांतला फरक तज्ज्ञ कसा ओळखतात, ते या लेखात पाहू. लेखातील उदाहरणे समजावून सांगण्यासाठी रचलेली आहेत.

निदान कशावरून होते?

मलेरियाचा जंतू रक्तात दिसतो, क्षयाचा थुंकीत सापडतो. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची तपासणी आजही उपलब्ध नाही. डोक्याचा फोटो काढूनही ते दिसत नाहीत. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांचे मुख्य साधन म्हणजे आजाराची हकीकत. ती अपुरी मिळाली तर चांगल्या डॉक्टरचेही निदान चुकू शकते.

हकीकतीत पाच गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली, सुरुवात: त्रास तासाभरात सुरू झाला, आठवड्यात की वर्षभरात हळूहळू? दुसरी, मुदत: किती दिवस टिकला? तिसरी, चढउतार: मधल्या काळात माणूस पूर्ण बरा होता का? चौथी, पूर्वस्वभाव: आजारापूर्वी तो कसा होता? पाचवी, इतर कारणे: दारू, गांजा, इतर औषधे, शारीरिक आजार, बाळंतपण, डोक्याला मार. लक्षण सारखे असले तरी या पाच प्रश्नांची उत्तरे सहसा सारखी नसतात. आजार वेगळे होतात ते इथे.

दुःख, नैराश्य आणि दोन टोकांचा आजार

पाऊस उघडला, सोयाबीन गेले, कर्जाचा हप्ता थकला. अशा वेळी माणूस उदास होणारच. घरात मृत्यू झाला तर महिनोन् महिने रडू येणे स्वाभाविक आहे. अशा दुःखात माणूस अधूनमधून सावरतो. नातवंड मांडीवर आले की हसतो, आवडीचे कालवण असले की दोन घास जास्त खातो, आणि स्वतःला नालायक समजत नाही.

नैराश्य हा आजार असतो तेव्हा उदासी किंवा कशातच रस न वाटणे दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज आणि सलग दोन आठवडे किंवा अधिक टिकते. पहाटे फार लवकर जाग येते, भूक मरते, वजन घटते, हातपाय जड होतात. 'मी सगळ्यांना भार झालो' असे विचार येतात. आपल्याकडे पुष्कळ माणसे 'मी उदास आहे' असे म्हणतच नाहीत. 'डोके दुखते, अंग गळून जाते, पोटात गॅस धरतो' असे सांगतात. वर्षभर सलाईन आणि ताकदीच्या इंजेक्शनांवर पैसे घालवूनही बरे न वाटणाऱ्या कित्येकांच्या दुखण्याचे मूळ नैराश्यात असते. नुकसानीचे कारण समोर दिसते म्हणून ते 'साधे दुःखच' असेल असेही धरून चालू नये. कारण असलेल्या दुःखातूनही आजार उभा राहतो.

नैराश्यासारखेच दिसणारे आणखी काही आहे. थायरॉईडचे काम मंदावले की सुस्ती, उदासी, वजनवाढ आणि विसराळूपणा येतो. रक्त कमी असणे आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही थकवा व मरगळ येते. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले तर 'मनाच्या आजाराला रक्त कशाला?' असे म्हणू नये.

यापुढची गाठ अधिक अवघड आहे. समजा, घनसावंगी तालुक्यातल्या एका गावचा २३ वर्षांचा मुलगा तीन महिने खोलीत पडून आहे. बोलत नाही, जेवत नाही. हे नैराश्य आहे, हे कोणीही सांगेल. पण दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा दहा दिवस रात्री दोन-तीन तासच झोपत होता, तरी थकत नव्हता. एकापाठोपाठ एक बेत आखत होता. मोंढ्यात उधारीवर माल उचलत होता, 'पुढच्या निवडणुकीत मीच आमदार' असे सांगत होता, कोणी अडवले तर अंगावर धावून जात होता. घरच्यांनी ती 'तरुणपणाची मस्ती' समजून सोडून दिली. तो उन्मादाचा झटका होता. म्हणजे आताचे नैराश्य साधे नैराश्य नाही. तो दोन टोकांचा आजार आहे. त्याला 'बायपोलर' विकार म्हणतात.

नावाचा हा फरक औषध ठरवतो. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर काही जणांत उन्माद उसळू शकतो. त्याला मनाचा तोल राखणारी औषधे लागतात. लिथियम हे त्यांतले जुने व परिणामकारक औषध. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली त्याचा उन्मादावरील उपयोग जगापुढे मांडला. त्यामुळे उदास रुग्णाला घेऊन जाताना डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे की, 'याआधी कधी हा कमी झोपून फार उत्साहात, फार बोलका, फार खर्चिक झाला होता का.' घरात दुसऱ्या कोणाला असा आजार असल्यास तेही सांगावे. नैराश्य फार लहान वयात आले, वारंवार आले किंवा बाळंतपणानंतर पहिल्यांदा आले तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

संशय आणि भास

'लोक माझ्याविषयीच बोलतात, जेवणात काहीतरी घातले आहे, कानात आवाज येतो' असे कोणी म्हणू लागले की सर्रास 'वेड लागले' असे म्हटले जाते. थोडे वाचलेले लोक 'स्किझोफ्रेनिया' म्हणतात. पण संशय आणि भास हेही तापासारखे लक्षणच आहे.

स्किझोफ्रेनियात बहुधा तरुण वयात बदल सुरू होतो. माणूस मित्रांपासून तुटतो, अभ्यास किंवा काम सुटते, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, बोलण्याचा धागा तुटतो. त्याबरोबर भास आणि पक्के गैरसमज असतात. हे महिनाभर किंवा त्याहून अधिक टिकते. भावना फार चढलेल्या किंवा फार उतरलेल्या नसतानाही भास चालूच राहतात, ही त्याची मोठी खूण.

उन्मादातही भास आणि संशय येतात, पण ते चढलेल्या मनाच्या रंगाचे असतात: 'माझ्यात दैवी शक्ती आहे, म्हणून लोक माझ्यावर जळतात.' तीव्र नैराश्यातही येतात. तिथे त्यांचा रंग अपराधाचा असतो: 'माझ्या पापामुळे घर बुडाले, पोलीस मला न्यायला येणार.' मन ताळ्यावर आले की हे विचारही जातात. मोठ्या धक्क्यानंतर एकाएकी सुरू होऊन काही दिवसांत पूर्ण बरा होणाराही एक प्रकार आहे. गांजाच्या सेवनानेही असा त्रास उद्भवतो.

हा फरक करताना मोठमोठ्या देशांतील तज्ज्ञही गोंधळले होते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी अधिक होत असे. अमेरिकेत हा आजार खरोखरच जास्त आहे का, हे पाहण्यासाठी दोन्ही शहरांतल्या रुग्णांना एकाच पद्धतीने, ठरलेले प्रश्न विचारून तपासण्यात आले. १९७२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष बोलका होता: फरक मुख्यतः रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या निदानाच्या सवयीत होता. न्यूयॉर्कमध्ये ज्यांना स्किझोफ्रेनिया म्हटले जाई, त्यांतील अनेकांना लंडनमध्ये उन्माद किंवा नैराश्याचे रुग्ण समजले जाई. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच सुमारास नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास केला. त्यात आपल्या देशातील आग्रा हे एक केंद्र होते. अशा कामांतूनच निदानाचे ठरावीक निकष पक्के होत गेले.

यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिल्याच भेटीत मिळालेले नाव कायमचे कपाळावर लिहिल्यासारखे समजू नये. वर्ष-दोन वर्षांच्या वाटचालीनंतर निदान बदलले तर त्याचा अर्थ डॉक्टर खोटे बोलले असा होत नाही. आणि दर महिन्याला डॉक्टर बदलू नये, कारण आजाराची वाटचाल पाहणारा डोळा एकच असेल तर निदान लवकर पक्के होते.

स्किझोफ्रेनियाचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. २००४ सालचा 'देवराई' हा मराठी चित्रपट याच आजारावर आहे. घरात असा रुग्ण असणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. औषधे नियमित घेणारे पुष्कळ रुग्ण घरात राहून कामधंदा करतात, हेही ध्यानात ठेवावे.

दारू सोडल्यावरचा तिसरा दिवस

रोज पिणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात दाखल होतो. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, तो पलंगावरून उठून पळू पाहतो. नातेवाईक म्हणतात, 'भुलीचे इंजेक्शन डोक्यात गेले.' खरे कारण दारू एकाएकी बंद होणे हे असते. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दोन ते चार दिवसांत असा बेभान गोंधळ सुरू होऊ शकतो. वेळेवर उपचार न झाल्यास तो जिवावर बेततो.

म्हणून दवाखान्यात भरती करताना रुग्ण किती आणि रोज पितो का, हे लाज न बाळगता सांगावे. दारू सोडवण्यासाठी भारी पिणाऱ्याला घरातच कोंडून ठेवण्याचा प्रकार कधीही करू नये. दारू सोडायचीच आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

धडधड: हृदयाची की मनाची?

रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला एकाएकी छातीत धडधड, गुदमरल्यासारखे, हाताला मुंग्या आणि 'आता मी मरतो' असे वाटू लागते. दहा मिनिटांत त्रास टिपेला पोहोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. हा भीतीचा झटका, म्हणजे 'पॅनिक', असू शकतो. पण तो पहिल्यांदाच आला असेल तर आधी हृदयाचा आलेख काढलाच पाहिजे. छातीत दाबल्यासारखे दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, श्रमाने वाढत असेल, तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी थांबू नये. हृदयविकार नाही हे तपासून ठरवायचे असते, अंदाजाने नव्हे.

थायरॉईडचे काम वाढले तरी धडधड, घाम, हाताला कंप आणि चिडचिड होते. त्यात भूक चांगली असून वजन घटते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला साखर उतरल्यावरही असेच होते. त्याला साखर खाल्ल्यावर थोड्या वेळात बरे वाटते.

सततची चिंता हा वेगळा प्रकार. तिला झटका नसतो. महिनोन् महिने मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, पावसाचे ढग अशा प्रत्येक गोष्टीची काळजी आलटून पालटून मनात घोळत राहते, मान-खांदे आखडतात. चिंता आणि नैराश्य एकाच माणसात एकत्र असणे हेही नेहमीचेच आहे. म्हणून चिंतेची गोळी मनानेच सुरू करू नये. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागते आणि मूळचे नैराश्य तसेच आत राहते.

एकच विचार पुन:पुन्हा

हात वीस वेळा धुणे, कुलूप दहा वेळा तपासणे, देवासमोर बसले की मनात अभद्र विचार येणे. या मंत्रचळाच्या आजाराला लोक कधी सोवळेपणा समजतात, कधी वेड. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला आपला संशय खरा वाटतो आणि विचार बाहेरून कोणी घालतो असेही वाटू शकते. मंत्रचळाच्या रुग्णाला बहुधा कळत असते की विचार आपलाच आहे, निरर्थक आहे, तरी तो थांबत नाही. त्याची त्यालाच लाज वाटते म्हणून तो वर्षानुवर्षे लपवतो. बाळाला इजा होईल असा विचार मनात येऊन हादरून जाणारी आई वाईट नसते. तो विचार तिला नको असतो, हेच आजाराचे लक्षण आहे. यावर औषधे आणि वर्तनोपचार या दोहोंचा चांगला उपयोग होतो.

बाळंतिणीचे रडू

बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच रडू येणे, हळवे होणे पुष्कळ जणींना होते. आधार आणि झोप मिळाली की दोन आठवड्यांच्या आत ते जाते. त्यानंतरही उदासी टिकली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, भूक आणि झोप गेली तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य समजून डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा प्रकार क्वचित, हजार बाळंतपणांत एखाद-दुसरा, पण अत्यंत धोक्याचा. पहिल्या दोन आठवड्यांत बाळंतीण एकाएकी असंबद्ध बोलू लागते, रात्रभर जागते, 'हे बाळ माझे नाही' म्हणते. खोलीत धुरी देऊन आणि लिंबू उतरवून वेळ घालवू नये. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि तोवर बाळाजवळ तिला एकटी सोडू नये. ताप असेल तर तोही सांगावा, कारण जंतुसंसर्गानेही असा गोंधळ होतो.

म्हातारपणाचा गोंधळ

आजोबा परवापर्यंत पारावर बसून गप्पा मारत होते आणि काल संध्याकाळपासून मुलाला ओळखत नाहीत, मधेच झोपतात, मधेच ओरडतात. हे 'म्हातारचळ' नाही. तासा-दिवसांत सुरू झालेला आणि कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी बिघडल्याची घंटा: लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, उन्हाने पाणी कमी होणे, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, नवे औषध, डोक्याला लागलेला मार. ही तातडीची बाब आहे.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. आज काय जेवलो ते आठवत नाही, लहानपणीचे आठवते. रोजची वाट चुकते. त्या माणसाला स्वतःच्या विसराळूपणाची फारशी फिकीर नसते, घरच्यांना असते. नैराश्यात उलट दिसते. वृद्ध माणूस स्वतःच 'माझे डोके चालत नाही' अशी तक्रार करतो, प्रश्न विचारला की प्रयत्न न करता 'माहीत नाही' म्हणतो आणि उपचारांनी त्याची स्मृती बरीच सुधारते. अनेक म्हातारी माणसे नैराश्यात असतात आणि घरचे 'वय झाले' म्हणून सोडून देतात. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

अंगात येणे

देवीच्या जत्रेत, आरतीच्या ठेक्यावर अंगात येणे, ते ठरावीक प्रसंगी येऊन जाणे आणि नंतर त्या बाईने किंवा बुवाने आपले घरकाम, शेतकाम नीट करणे याला वैद्यकशास्त्र आजार म्हणत नाही. तो समाजमान्य रिवाजाचा भाग असतो. पण प्रसंग नसताना, नको असताना, वारंवार तसे होत असेल आणि त्याने संसार मोडत असेल तर मनावरचा न बोलता येणारा ताण शोधावा लागतो. सासरी नव्याने नांदणाऱ्या मुलींत हे पुष्कळदा आढळते. दात खिळणे, बेशुद्ध पडणे हे फिट्समुळेही होते. जीभ चावली, कपड्यात लघवी झाली, झोपेत झटका आला, पडून लागले तर फिट्सची शक्यता मोठी. शक्य असल्यास झटक्याचे मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

दर्ग्याला किंवा देवळात जायचे असेल तर जावे. श्रद्धेने मनाला बळ मिळते. पण गोळ्या बंद करून जाऊ नये आणि रुग्णाला साखळीने बांधू देऊ नये. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आले नाही आणि ते जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

एक साधी वही करावी. त्रास पहिल्यांदा कधी दिसला, महिना व वर्ष. 'पोळ्याच्या आधी', 'तुरीच्या काढणीत' असे लिहिले तरी चालेल. रोज झोप किती तास झाली. रुग्णाचे नेमके शब्द, कारण 'वेड्यासारखे बोलतो' यापेक्षा 'शेजारी माझ्या विहिरीत औषध टाकतात, असे म्हणतो' हे डॉक्टरांना अधिक उपयोगी. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक पुड्यांसह, बरोबर न्यावीत. सांधेदुखी किंवा दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडनेही मन बिघडू शकते. सोबत रोज रुग्णाबरोबर राहणारे माणूस जावे. पत्नीला बाहेर बसवून चुलत्याने हकीकत सांगू नये, कारण रात्री जागी असते ती पत्नीच.

नैराश्याच्या औषधांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, कधी थोडा उशिरानेही. आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणून औषध टाकू नये. बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नये.

लिथियम घेणाऱ्यांसाठी आपल्याकडच्या उन्हाळ्यात विशेष सूचना: पाणी भरपूर प्यावे, मीठ एकाएकी बंद करू नये, उलट्या-जुलाब झाल्यास लगेच डॉक्टरांना विचारावे, अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. शरीरातले पाणी घटले की रक्तात लिथियम वाढते. हाताला जोराचा कंप, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची चिन्हे होत. असे झाल्यास दवाखाना गाठावा. ठरलेल्या वेळी रक्तातील लिथियम तपासावे.

कोठे जावे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आणि त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात प्रथम चौकशी करावी. गुंतागुंतीच्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे घाटी रुग्णालयात, नेता येते. २०१५ साली राज्य शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात जालना जिल्हाही होता. गावातील आशाताईंशी याबाबत मोकळेपणाने बोलावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, पैसे न पडता, मराठीत बोलता येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निदान कोणतेही असो, रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला, निरवानिरव करू लागला, तर निदान पक्के होण्याची वाट पाहू नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे ठेवू नये. फवारणीची औषधे घरातून हलवून कुलूपबंद ठेवावीत किंवा दुसऱ्याकडे द्यावीत. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

आजाराला नाव देण्याचे काम डॉक्टरांचे. खरी आणि पूर्ण हकीकत देण्याचे काम घरच्यांचे. ती वही आजपासूनच लिहायला घ्यावी.